पात्याची जाडी

दि. ६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानेच आहे.

फोन सोडून पत्र कसं, असं वाटेल तुला. मागच्या फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलत होतो आणि दोघांनी एकाच वेळी तो ठेवला. आप्पा गेल्यापासून आपले बहुतेक फोन असेच संपलेत. पत्रात निदान एकाचं बोलून झाल्यावरच दुसऱ्याला तोंड उघडता येतं.

कामाशिवाय बारक्याला ताई आठवत नाही, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो. काम आहे. मला लाकूडकामाची हौस लागली आहे. हसून झालं की पुढे वाच. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांना "ही काच बरी की ती" एवढंच विचारायचं, तेही हळू आवाजात, याचा कंटाळा आला. सुट्टीच्या दिवशी काहीतरी आवाज करणारं काम हवं होतं. हातकरवतीने एक स्टूल केलं. त्याचे तीन पाय जमिनीवर आहेत, चौथा रुसलाय. तुझी वहिनी त्यावर साधी कुंडीसुद्धा ठेवू देत नाही.

आता पुस्तकांचं कपाट करायचं मनात आहे. मोठं लाकूड माझ्याने सरळ कापलं जात नाही. दुकानदार म्हणतो ट्रॅक सॉ घ्या, म्हणजे ती रुळावरून सरकत जाणारी गोल करवत. रूळ फळीवर ठेवायचा, करवत त्यावरून ढकलायची, काप सुतासारखा सरळ. त्याच्याकडे तीन आहेत. एकीची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. एक मधली आहे. आणि एक अगदी स्वस्त, तिच्यावर कंपनीचं नावही धड छापलेलं नाही. तू कारखान्यात रोज मोठ्या मशीनवर फर्निचरच्या शीटा कापतेस, तेव्हा तूच सांग, घरच्या कामाला कोणती पुरेल? ऐपत बेताचीच आहे. पण काप सरळ यायला हवा, त्यात तडजोड नको.

मागची खोली सध्या आवरायला काढली आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा
बारक्या


दि. १५ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद. तेवढेच माझ्याकडे फुकट आहेत.

हसून झालं की वाच म्हणालास, म्हणून आधी हसलेच. मग एकदम डोळे भरून आले. आप्पांनी जन्मभर लाकूड कापलं आणि तुझ्या शर्टावर कधी भुशाचा कण पडला नाही. रंदा हातात दिला की तुझं पोट दुखायचं. शेवटी त्यांच्या हाताखाली मीच राहिले. आणि आता तू विचारतोस, कोणती करवत घेऊ. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. स्टुलाचा चौथा पाय मात्र गाळला, घराण्याची अब्रू आहे.

आता नीट ऐक. महागडी विसर, ती रोज कापणाऱ्यांसाठी असते. बिननावाचीही विसर. तिचं पातं मोडलं तर दुसरं कुठे मिळेल ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मधली बघ, पण करवतीच्या आधी रूळ बघ. गिऱ्हाईक मोटर किती ताकदीची हेच विचारत बसतं. सरळपणा मोटरीत नसतो रे, रुळात असतो. रूळ एकसंध घे. दोन तुकडे जोडून वापरायचा रूळ स्वस्त पडतो, पण जोडावर केसभर वाकतो आणि काप नेमका तिथे दगा देतो. दुकानातच करवत रुळावर ठेवून हलवून बघ. डगडगली तर बाजूचे स्क्रू फिरवून घट्ट होते का विचार. पातं दाबलं की खाली जातं आणि सोडलं की आपोआप वर येतं, ते कुठे अडकत नाही ना तेही बघ. बॅटरीवाली घेऊ नकोस. वायरवाली घे आणि वाचलेले पैसे चांगल्या पात्यात घाल.

रुळाच्या कडेला रबराची पट्टी असते. पहिल्यांदा चालवलीस की करवत ती पट्टीच कापेल. बिघडली म्हणून दुकानात धावू नकोस. तिथून पुढे त्या पट्टीची कड हीच तुझी कापायची रेघ.

आणखी एक. पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं. एका फळीचे दोन तुकडे केले तर ते दोन मिळून पुन्हा त्या फळीएवढे भरत नाहीत, मधलं थोडं भुसा होऊन जातं. म्हणून रूळ नेहमी ठेवणीच्या तुकड्यावर ठेवायचा, म्हणजे पातं टाकाऊ बाजूचं खातं. एवढी एक गोष्ट विसरून नवशिके कपाटंच्या कपाटं वाया घालवतात.

मागच्या खोलीत काम करणार म्हणजे आप्पांच्या बाकड्यावर करणार. कर, पण ते माझं आहे हे लक्षात ठेवून कर. घर तुला आणि बाकडं ताईला, असं आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले होते. घराबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. बाकड्याबद्दल मात्र काढीन. त्याच्या पुढच्या कडेवर त्यांनी पटाशीने मापाच्या खुणा केल्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी टेप शोधायला लागले की मला म्हणायचे, "माप बाकड्याला विचार." कारखान्यात एवढी मशीनं आहेत, पण मनात एखादं माप धरायचं झालं तर अजून मला तीच कड दिसते. स्वतःची शेड झाली की मी ते नेणार आहे. तोवर राहू दे तुझ्याकडे. नाहीतरी आप्पा म्हणायचेच, ते घरात जन्मलंय, घरातच मरेल, दारातून काही जायचं नाही.

कापताना फळीखाली जाड फोम घाल. बाकड्यावर ओरखडासुद्धा नको.

ताई


दि. २७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आणि गुरुदक्षिणा उधार.

तुझं पत्र खिशात घेऊनच दुकानात गेलो. रूळ हलवला, स्क्रू फिरवले, पातं दाबून सोडलं. दुकानदार म्हणाला, साहेब, विकत घ्यायची आहे की परीक्षा घ्यायची आहे? मधलीचा रूळ दोन तुकड्यांचा निघाला. तू बजावलं होतंस म्हणून तिथून उठलो. दुसऱ्या एका दुकानात मागच्या वर्षीचं मॉडेल आहे, रूळ एकसंध, किंमतही खाली आलेली. बहुतेक तीच घेईन.

एक शंका आहे. अडीच इंच जाड लाकूड या करवतीने एका दमात कापलं जाईल का? भंगारवाल्याकडे एक जुनी फळी मिळाली आहे, चांगली घट्ट आणि जड. कपाटाचा तळ तिचाच करावा म्हणतो. काप असा हवा की पुढेमागे दोन्ही तुकडे परत जुळवायचे झाले तर चपखल बसले पाहिजेत.

बाकडं बघितलं. तू म्हणतेस ते खरं आहे, दारातून ते जाणारच नाही. मी टेप लावून बघितली. उभं, आडवं, तिरकं, कसंही केलं तरी अडकतं. आप्पांनी ते आतच बांधलं, तेव्हा बाहेर काढायचा विचारच केला नसेल.

वहिनी बरी आहे. सध्या खोली आवरायच्या मागे लागली आहे.

बारक्या


दि. ८ मार्च

बारक्या,

आशीर्वाद, आणि आज थोडे जास्तच, कारण खूश आहे.

टेप लावून बघितलीस हे वाचून मी एवढी हसले की हे बाहेरच्या खोलीतून विचारायला आले. आप्पांची थट्टा पुढे चालवायला घरात कुणीतरी उरलंय म्हणायचं.

आधी तुझी अडीच इंची फळी. पुस्तकांचं कपाट करतोयस की किल्ला? असो. ही करवत सुमारे दोन इंच खोल जाते, त्यापुढे तिचा हात पोचत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी कापायचं. वरून रूळ ठेव, पकडींनी आवळ, आणि एका दमात खोल जाऊ नकोस. थोडं थोडं खाली उतरत दोन-तीन वेळा फिरव, नाहीतर लाकूड जळतं. तळाशी अर्धा इंच शिल्लक राहील. मग काटकोनाचा गुण्या लावून रेघ कडेवरून खाली उतरव, फळी उलटी कर, आणि त्या रेघेवर दुसऱ्या बाजूने रूळ ठेव. घाई केलीस तर दोन काप एकमेकांना भेटत नाहीत आणि मध्ये पायरी पडते. दात कमी असलेलं पातं घे, जाड लाकडाला तेच बरं. करवत चालू असताना तिच्या मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील, पण तुझी बोटं मला हवी आहेत.

आता माझी बातमी. शेड मिळाली. कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, पूर्वी तिथे टायरवाला होता. भिंती काळ्या आहेत आणि रबराचा वास अजून गेलेला नाही, पण दार रुंद आहे आणि उजेड डावीकडून येतो. हे म्हणाले, या वयात नोकरी सोडून हे काय काढलंस. मी म्हटलं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याची मापं कापली, आता थोडे दिवस माझी कापीन. खिडकीखालची जागा मी मोकळी ठेवली आहे. तिथे बाकडं येणार. एप्रिलच्या मध्यात टेम्पो आणि कारखान्यातले दोघे जण घेऊन येते. तोवर तुझं कपाट उरकून घे.

तुला खोटं वाटेल, पण ती मोकळी जागा बघायला मी रोज कामावरून सुटले की तिथे जाते.

ताई


दि. २१ मार्च

ताई,

नमस्कार. शेडबद्दल वाचून फार बरं वाटलं. मनापासून लिहितोय.

करवत घेतली. रबराची पट्टी पहिल्या फेरीत कापली गेली, मी धावलो नाही. प्लायच्या तुकड्यावर सराव केला. काप इतका गुळगुळीत येतो की हात फिरवत बसावंसं वाटतं. तू निवड चांगली सांगितलीस.

तू एप्रिलमध्ये इथवर यायची दगदग करू नकोस. टेम्पो, माणसं, हा सगळा खर्च तुला कशाला. बाकडं तुझ्या शेडच्या दारात उतरेल, ते माझ्याकडे लागलं. मला ते तुला माझ्या हातून द्यायचं आहे. कसं, ते विचारू नकोस. एवढं एक तरी मला जमू दे.

बारक्या


दि. २६ मार्च

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या हातून द्यायचं आहे, हे वाक्य तिसऱ्यांदा. तू असं कधी बोलत नाहीस. आपल्यात जे काही साचलं होतं ते या एका वाक्यात वाहून गेलं, असं समज.

पण बाकडं पाठवायचं तर घाई करू नकोस, मी येऊन ते सुटं करते. टेम्पोवाल्यांच्या हातात देऊ नकोस, ते हातोडे घालतील. हातकरवत किंवा स्क्रू-ड्रायव्हर कशाचीही गरज नाही. खालचा हत्यारांचा खण बाजूला केला की पायांच्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्यांची टोकं पायांच्या खाचांतून आरपार आली आहेत आणि त्यांत लाकडी पाचरी बसवल्या आहेत. पाचरी मागून हलक्या हाताने ठोकल्या की बाहेर येतात. वरची फळी नुसती खुंट्यांवर बसली आहे, दोघांनी धरून सरळ वर उचलायची. सगळं सुटं झालं की कडेवर उभं करून दारातून आरामात जातं. खिळा नाही की सरस नाही. आप्पांना भाड्याच्या घरांत राहायची सवय होती, त्यामुळे न उघडणारं काही त्यांनी केलंच नाही. चित्र काढून सोबत घातलं आहे, तीन कागद झाले.

हे तुला माहीत असेलच म्हणा. पण ते बांधलं तेव्हा तू आत झोपलेला होतास. आप्पा पट्टी धरायचे आणि मी पाचर मारायची. घरात जन्मलंय आणि घरातच मरेल, ही त्यांची पाहुण्यांना फसवायची थट्टा. पाहुणे खरंच दाराकडे बघायचे. तू टेप लावलीस ते थट्टेतच ना? आता लिहिता लिहिता उगाच मनात आलं.

माझी वाट बघ. मी दहा तारखेच्या आसपास येते. कुणी हात लावू नये.

ताई


दि. १४ एप्रिल

ताई,

तू आलीस तेव्हा दाराला कुलूप होतं. आम्ही वहिनीच्या माहेरी गेलो होतो. गेलो होतो म्हणजे तू येणार म्हणूनच गेलो होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, तू जिन्यात बराच वेळ बसलीस.

बाकडं मी कापलं.

आडवळणाने लिहायचा प्रयत्न केला, कागद फाडले. कापलं ते कापलं. दोन तुकडे जिन्याखाली गोणपाटात होते. तू ज्या पायरीवर बसलीस तिच्याच खाली. काल ते टेम्पोत घातले, या पत्राच्या पुढेमागे तुझ्याकडे पोचतील.

पुस्तकांचं कपाट कधीच नव्हतं. भंगारवाल्याची फळीही नव्हती. मागची खोली भाड्याने द्यायचं आमचं वर्षभर चाललं होतं. सगळं वहिनीवर ढकलत नाही, माझंही चाललं होतं. दोघंही दिवसभर कामाला जाणारं एक जोडपं बघून गेलं आणि एक तारखेपासून हवी म्हणालं. मधोमध बाकडं होतं आणि ते दारातून निघत नव्हतं. मला खरंच वाटत होतं की ते निघत नाही. तूही तसंच लिहिलं होतंस. मग वाटलं, सरळ कापून दोन भाग तुझ्याकडे पोचवावेत, तू ते परत जोडशील, तुझं काम होईल आणि खोलीही मोकळी होईल. वाकडं कापलं तर जोड बसणार नाही, म्हणून तर चांगली करवत शोधत होतो. भेट द्यायची होती हेही खोटं नाही, ताई. दोन्ही खरं होतं.

तुझं पाकीट महिन्याच्या अखेरीस आलं. जाडजूड होतं. मला वाटलं, आणखी सूचना. तू सूचना दिल्यास की माझं हातातलं काम बिघडतं, लहानपणापासून. म्हटलं, कापून झाल्यावर वाचू. टेबलावर ठेवून दिलं.

एक तारखेला सकाळी वरून कापलं. तू सांगितलंस तसंच, थोडं थोडं उतरत. मग वहिनीने आणि मी मिळून बाकडं उलटं केलं. पट्ट्या कापायच्या म्हणून खालचा खण उचकटला आणि त्या पाचरी दिसल्या. एकीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "डावी पुढची". तुझं अक्षर, शाळेतलं. मी हातोडी जरा टेकवली आणि पाचर हातात आली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आप्पा म्हणाले असते. मला हसू आलं नाही.

तेव्हा अर्धा इंच शिल्लक होता. वहिनी म्हणाली, "आता थांबा. ताईंना फोन करा." मी थांबलो नाही. भाडेकरूंचं सामान खाली गाडीत येऊन थांबलं होतं. आणि मला वाटलं, इतकं कापल्यावर उरलेलं ठेवून तरी काय उपयोग. दुसऱ्या बाजूने रूळ ठेवला आणि पुरं केलं. त्यानंतर तुझं पाकीट फोडलं.

माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. शेड सुरू करशील त्या दिवशी येऊ का? तुकडे जोडायला हाताखाली लागेल तर मी आहे.

बारक्या


दि. ३ मे

बारक्या,

बाकडं पोचलं. टेम्पोवाल्याने विचारलं, दोन नग आहेत, दोन्ही तुमचेच ना.

काप बघितला. बोट फिरवलं. कुठे जळलेलं नाही, कड कुठे उपटलेली नाही, वरचा आणि खालचा काप नीट भेटलेत, मध्ये पायरी नाही. अडीच इंच घट्ट लाकूड इतकं साफ कापणं नवशिक्याला जमत नाही. कारखान्यातला फोरमन म्हणाला, कुणी कापलं, हात चांगला आहे. मी सांगितलं, माझ्या भावाने. मी जे जे लिहिलं ते ते तू केलंस. रूळ एकसंध घेतलास, पातं कमी दातांचं घेतलंस, गुण्याने रेघ उतरवलीस. कापात दोष सापडला असता तर रागवायला सोपं गेलं असतं. मी तो पुष्कळ शोधला.

अर्धा इंच होता, असं तू लिहिलंस. तो असता तर मी वरून पट्टी भरून घेतली असती आणि बाकडं एक राहिलं असतं. पाचर हातात घेऊन, माझं अक्षर वाचून तू पुढे कापलंस. आधीचं सगळं मी गैरसमजात घालते. त्यातला अर्धा माझा आहे, आप्पांची थट्टा मीच तुला पत्रात परत लिहून पाठवली. पण तो शेवटचा अर्धा इंच गैरसमज नव्हता. तो तू डोळे उघडे ठेवून कापलास. वहिनीला माझा नमस्कार सांग, ती थांब म्हणाली होती.

सगळे म्हणतात, जोडता येईल. येईल. खुंट्या घालून, सरस लावून मी असं जोडीन की तुला तुझ्या दुकानातली भिंगं लावूनही जोड दिसणार नाही. काल दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले आणि आप्पांच्या खुणांवर टेप धरली. मधल्या कापापर्यंत माप बरोबर आहे. तिथून पुढची प्रत्येक खूण पात्याच्या जाडीएवढी खोटी आहे. मी तुला लिहिलं होतं, रूळ ठेवणीच्या तुकड्यावर ठेवायचा, म्हणजे पातं टाकाऊ बाजूचं खातं. तू तो कुठल्या तुकड्यावर ठेवलास, यातला टाकाऊ कुठला होता, हे मला कळलं नाही. जे गेलं ते ना तुझ्याकडे राहिलं ना माझ्याकडे. ते खोलीत फरशीवर पडलं असेल आणि भाडेकरू यायच्या आत तुम्ही झाडून टाकलं असेल.

केसभराचा तर फरक, असं कुणी म्हणेल. तू म्हणणार नाहीस, केसभराच्या फरकावर तुझं दुकान चालतं.

घर तुला आणि बाकडं मला, असं आप्पा म्हणाले तेव्हा सगळ्यांना वाटलं मुलीला फसवलं. मला तसं कधी वाटलं नाही. मला वाटायचं, मोठा वाटा मलाच मिळालाय आणि तुला ते कळत नाहीये. जिन्यात बसले होते तेव्हाही मी मनात हेच घोळवत होते की बारक्याने किती मनावर घेतलंय, कुठे बरं गेला असेल, टेम्पो बघायला गेला असेल. तू पायरीखालचं लिहिलंस ते लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं.

तुकडे मी जोडलेले नाहीत. एक खिडकीखाली आहे, दुसरा समोरच्या भिंतीला. दोन्हीवर काम होतं. लांब फळी असली की एकाच जागी मावत नाही, मग मी टेप घेते. पाचरी चारही मिळाल्या, त्या डब्यात ठेवल्यात.

शेड सुरू होईल त्या दिवशी येऊ का, असं विचारलंस. ती सुरू झाली आहे. गेल्या आठवड्यापासून काम चालू आहे.

करवत चांगली आहे, विकू नकोस. कापून झालं की पातं पुसत जा आणि रूळ आडवा न ठेवता भिंतीला टांगून ठेव, नाहीतर वाकेल.

या पत्राला तू उत्तर लिहिशील, मला माहीत आहे. जाड पाकीट येईल. ते मी टेबलावर ठेवीन. हातातलं काम संपलं की फोडीन.

ताई